उत्तरवयातील प्रीती आणि एका विधुराची वही

आमच्या मराठी रंगभूमीवर आणि कथा-कादंबऱ्यांत पन्नाशी ओलांडलेल्या स्त्री-पुरुषांना प्रेम करण्याची मुभा फारशी नाही. विनोदी लेखकाच्या हाती असा पुरुष सापडला, की तो केसांना कलप लावतो, आरशापुढे घुटमळतो आणि शेवटच्या अंकात फजीत होऊन घरी परततो. गंभीर लेखकाच्या हाती सापडला, की तो केवळ बाप होतो. शिरवाडकरांच्या ‘नटसम्राट’मधील आप्पा आणि कावेरी, जयवंत दळवींच्या ‘संध्याछाया’मधील नाना आणि नानी ही आमच्या नाटकांतील थोर वृद्ध जोडपी होत. त्यांच्या व्यथेने प्रेक्षक आजही गहिवरतो. परंतु ती व्यथा मुख्यतः मुलांच्या दुराव्याची आहे. पतिपत्नी म्हणून ती माणसे एकमेकांची केव्हाच झालेली असतात. नाटककाराची दृष्टी दाराकडे, मुलांच्या वाटेकडे लागलेली असते. उतारवयात नव्याने भेटलेली, परस्परांवर जीव जडलेली आणि त्याबद्दल ना हसू, ना कीव मागणारी माणसे आमच्या साहित्यात विरळाच.

हा विचार मनात पुन्हा जागा झाला तो या उपवासकाळात सी. एस. लुईस याचे ‘अ ग्रीफ ऑब्झर्व्ड’ हे छोटेखानी पुस्तक नव्याने हाती घेतले तेव्हा. सेमिनरीत असताना आम्ही ते प्रथम वाचले होते. दुःख आणि ईश्वराचा चांगुलपणा यांचा मेळ कसा घालावा, या प्रश्नावरील एक पूरक पुस्तक म्हणून ते आमच्यापुढे आले आणि आम्हीही ते तसेच वाचले. पत्नी गेल्यावर एका विद्वान ख्रिस्ती लेखकाची श्रद्धा डळमळते आणि पुन्हा सावरते, एवढेच तेव्हा ध्यानात राहिले. आज स्वतःच पन्नाशी ओलांडल्यावर, अनेक विवाह आणि त्याहून अधिक अंत्यविधी पार पाडल्यावर ते वाचताना जाणवले, की हे आधी एका विवाहाचे पुस्तक आहे आणि मग एका मृत्यूचे. या लेखात त्याच बाजूने त्याचा विचार करावयाचा आहे.

प्रथम थोडी हकिकत. लुईसचा जन्म १८९८चा. ऑक्सफर्ड येथे प्राध्यापकी आणि १९५४पासून केंब्रिज येथे मध्ययुगीन व प्रबोधनकालीन इंग्रजी साहित्याचे अध्यासन, असा त्याचा शांत विद्याव्यासंग. घरी थोरला भाऊ वॉर्नी. दोघेही अविवाहित. गंमत अशी, की मध्ययुगीन प्रेमकाव्याच्या परंपरेवरचा ‘द अॅलेगरी ऑफ लव्ह’ हा त्याचा ग्रंथ १९३६ साली प्रसिद्ध झाला होता. प्रेमाविषयी जे ग्रंथांतून कळते, ते सारे त्याला कळले होते. जॉय डेव्हिडमन ही न्यूयॉर्कची, १९१५मध्ये ज्यू कुटुंबात जन्मलेली, एके काळची कम्युनिस्ट, कवयित्री आणि पुढे ख्रिस्ती श्रद्धेकडे वळलेली विदुषी. १९५० साली तिने लुईसला पत्र लिहिले. १९५२मध्ये त्यांची प्रत्यक्ष भेट झाली. पुढच्याच वर्षी दोन मुलगे घेऊन ती इंग्लंडला आली. १९५४मध्ये तिचा घटस्फोट झाला. इंग्लंडमध्ये राहण्याचा तिचा परवाना पुढे वाढवून मिळेना, तेव्हा २३ एप्रिल १९५६ रोजी लुईसने ऑक्सफर्डच्या नोंदणी कार्यालयात तिच्याशी कायदेशीर विवाह केला. तो सत्तावन्न वर्षांचा होता, ती एकेचाळीस वर्षांची. हा विवाह केवळ कागदोपत्री आहे, अशी त्याची भूमिका होती. त्याने तो बहुतेकांपासून लपवून ठेवला. दोघे वेगवेगळ्या घरांत राहत होते.

त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात जॉय घरात पडली आणि तिचे हाड मोडले. तपासणीत हाडांत पसरलेला कर्करोग आढळला. २१ मार्च १९५७ रोजी रुग्णालयातील खाटेशेजारी एका अँग्लिकन धर्मगुरूने त्यांचा ख्रिस्ती विवाह लावला. त्यानंतर अनपेक्षितपणे तिच्या प्रकृतीला उतार पडला. ती पुन्हा चालू लागली. १९५८मध्ये दोघे आयर्लंडला गेली, १९६०च्या एप्रिलमध्ये ग्रीसला जाऊन आली. त्याच वर्षी १३ जुलैला तिचे निधन झाले. तीन वर्षे आणि चार महिने, एवढाच तो संसार. तिच्या मृत्यूनंतर घरात सापडलेल्या कोऱ्या वह्यांत लुईसने जे लिहिले, तेच १९६१ साली एन. डब्ल्यू. क्लर्क या टोपणनावाने प्रसिद्ध झाले. स्वतःच्या नावाने ते निघाले ते त्याच्या मृत्यूनंतर.

या नात्याच्या घडणीत आम्हाला महत्त्वाची वाटते ती त्यातील सावकाशी. आधी पत्रे, मग भेटी, मग एकमेकांच्या लेखनात लक्ष घालणे. दहा आज्ञांवरील जॉयच्या पुस्तकाच्या इंग्लंडमधील आवृत्तीला लुईसने प्रस्तावना लिहिली; ‘टिल वी हॅव फेसेस’ ही त्याची कादंबरी तिच्याशी झालेल्या चर्चांतून आकाराला आली आणि १९५६मध्ये तिलाच अर्पण झाली. तरुणपणी आकर्षण आधी येते आणि मैत्री पुढे जमलीच तर जमते. येथे क्रम उलटा आहे. ‘द फोर लव्ह्ज’ या १९६०च्या ग्रंथात लुईसने जिव्हाळा, मैत्री, प्रणय आणि निरपेक्ष प्रीती अशा चार प्रेमांचे विवेचन केले आहे. मित्र एकाच ध्येयाकडे पाहत शेजारी उभे असतात आणि प्रेमिक समोरासमोर, अशा आशयाचा भेद तो तेथे करतो. भेद सुबक आहे. पण त्याच्याच आयुष्याने तो पुसून टाकला. तो आणि जॉय शेजारी उभी राहिली आणि मग एकमेकांकडे वळली. त्याच ग्रंथात स्त्रिया व पुरुष यांच्या मैत्रीविषयी त्याने काढलेले काही उद्गार आज आम्हाला संकुचित वाटतात. विद्वानाचा सिद्धान्त मागे राहिला आणि विधुराची वही पुढे गेली, असे म्हणावे लागते.

दोन विवाहांचा प्रश्न मात्र टाळून चालणार नाही. जॉय घटस्फोटित होती आणि तिचा पूर्वीचा पती हयात होता. ऑक्सफर्डच्या बिशपांनी ख्रिस्ती विवाहाला अनुमती दिली नव्हती. लुईसचे म्हणणे असे, की जॉयच्या पतीचा त्याआधी एक विवाह झालेला होता आणि ती पहिली पत्नी हयात असल्याने जॉयशी झालेला विवाह धर्मदृष्ट्या विवाहच नव्हता. हा युक्तिवाद उथळ नाही. आधीच्या विवाहाचे बंधन हा आमच्या धर्मनियमांतही मोठा अडथळा आहे. परंतु त्याचा निर्णय कोणाही दोघांनी परस्पर घ्यावयाचा नसतो. त्यासाठी धर्मप्रांताचे न्यायालय असते, पुरावे पाहिले जातात. लुईस आमच्या कॅथलिक मंडळीतला नव्हता आणि त्याचा कॅथलिक मित्र टॉल्किन याला हा विवाह मुळीच रुचला नाही, तोही त्याला उशिराच कळला. या बाबतीत लुईसचे अनुकरण करावे असे आम्ही सुचवीत नाही. मात्र त्या खाटेशेजारी जे घडले, त्याचा अर्थ या वादाने संपत नाही.

आम्ही तरुण जोडप्यांना वेदीपुढे उभे करतो आणि सुखात-दुःखात, आजारात-आरोग्यात, मरणापर्यंत एकनिष्ठ राहण्याचे वचन त्यांच्याकडून घेतो. ती वचन देतात, मनापासून देतात; पण ‘मरण’ हा शब्द त्यांच्या लेखी फार दूरच्या गावाचे नाव असते. लुईस आणि जॉय यांना ते गाव खिडकीतून दिसत होते. आजारपण पुढे कधीतरी येणार नव्हते. ते खाटेवर पडलेले होते. कागदोपत्री विवाह ही सोय होती. दुसऱ्या विवाहात सोय कसलीच नव्हती. होती ती केवळ जबाबदारी आणि खात्रीचे दुःख. तरीही, किंबहुना म्हणूनच, तो विवाह होता. उत्तरवयातील विवाहाला आपण दुय्यम समजतो. या पुस्तकाचा निष्कर्ष नेमका उलट आहे. त्या वचनाचा अर्थ नीट कळून ते उच्चारणारी माणसे बहुधा याच वयाची असतात.

आता प्रत्यक्ष पुस्तकाकडे वळू. त्याचे चार भाग आहेत. त्यांत कथानक नाही, उपदेश नाही, मांडणीही जाणूनबुजून केलेली दिसत नाही. आज लिहिलेले उद्या खोडून काढावे, अशी त्याची चाल आहे. आरंभी शोक त्याला भीतीसारखा भासतो. ईश्वराचे दार ठोठावले तर ते आतून बंद होते, असा आक्रोश तो करतो. ईश्वर क्रूर तर नसेल ना, ही शंका तो शेवटपर्यंत तपासतो. पैलतीरावर सारे आप्त पुन्हा भेटतील, हे ठरावीक सांत्वन तो नाकारतो. आम्ही धर्मगुरू अंत्यविधीच्या वेळी ते फार सहज उच्चारतो, हे येथे कबूल करावे लागेल. विवाहाच्या दृष्टीने या पुस्तकात तीन गोष्टी मोलाच्या वाटतात.

पहिली गोष्ट ही, की शरीर येथे लपवलेले नाही. उतारवयातील प्रेमाचा गौरव करताना आपले लेखक त्याला ‘निव्वळ मनाचे नाते’ ठरवून मोकळे होतात. लुईस तसे करीत नाही. त्या थोड्या वर्षांत प्रेमाचा एकही कप्पा रिकामा राहिला नाही, असे तो स्वच्छ सांगतो. दुसरी गोष्ट, पत्नीला तो एकाच नात्यात बसवीत नाही. मुलगी आणि आई, शिष्या आणि गुरू, सखी आणि सहकारी, अशी सारी नाती त्याला तिच्यात सापडतात. सेवेकरीण हे नाते त्या यादीत नाही, हे ध्यानात घ्यावे. तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. वियोग म्हणजे विवाह तुटणे नव्हे, तर विवाहाचाच पुढचा टप्पा आहे, असा तो निष्कर्ष काढतो. लग्नानंतरचे पहिले दिवस जसे विवाहाचा भाग, तसाच हाही. हा टप्पाही निष्ठेने पार पाडावयाचा असतो. पुस्तक संपते ते डान्टेच्या बिअट्रिसच्या स्मरणाने. प्रिय व्यक्ती आपल्याकडून दृष्टी वळवून शाश्वत झऱ्याकडे पाहते आणि तिला तसे पाहू देणे हेच शेवटचे प्रेम ठरते.

पुस्तकात उणिवा नाहीत असे नाही. जॉय येथे केवळ ‘एच.’ या अक्षराने वावरते आणि तिचा स्वतःचा आवाज फारसा ऐकू येत नाही. जिची कविता १९३८मध्येच पुस्तकरूपाने आली होती, तिला आपण पतीच्या अश्रूंतूनच पाहतो. लुईसला या धोक्याची जाणीव आहे. आपल्या मनातील प्रतिमा खऱ्या स्त्रीची जागा घेईल, अशी भीती तो स्वतःच व्यक्त करतो. पण जाणीव म्हणजे उपाय नव्हे. दुसरी उणीव मुलांविषयीची. आईचा विषय काढताच मुले संकोचतात, एवढे तो नोंदवतो आणि पुढे सरकतो. सावत्र बाप आणि आई गमावलेली दोन मुले यांच्या घरातले मौन हा एका वेगळ्या पुस्तकाचा विषय होता.

या हकिकतीवर विल्यम निकल्सन याने नाटक लिहिले आणि त्यावरून १९९३ साली रिचर्ड अॅटनबरोने ‘शॅडोलँड्स’ हा चित्रपट काढला. अँथनी हॉपकिन्स आणि डेब्रा विंगर यांचा अभिनय उत्तम आहे, डोळे पाणावतात. तरीही चित्रपटाने सत्याला एक सोयीस्कर वळण दिले, अशी आमची तक्रार आहे. दोन मुलांचा एकच मुलगा केला किंवा ग्रीसचा प्रवास गाळून इंग्लंडमधील एक रम्य दरी दाखवली, हे चालून जाईल. पण चित्रपटातील लुईस हा दुःखापासून सुरक्षित राहिलेला, पुस्तकांच्या भिंतीआडचा भिडस्त ब्रह्मचारी आहे आणि एक स्त्री येऊन त्याला जगायला शिकवते. खरा लुईस नऊ वर्षांचा असताना आई कर्करोगाने गेली. १९१८मध्ये फ्रान्सच्या रणभूमीवर तो जखमी झाला. युद्धात पडलेल्या मित्राच्या आईचा सांभाळ त्याने कित्येक वर्षे, ती १९५१मध्ये वारेपर्यंत केला. उतारवयातील माणूस कोरी पाटी घेऊन दुसऱ्याकडे जात नाही. तो आपली मृत माणसे, आपली कर्तव्ये, आपल्या सवयी घेऊन जातो आणि समोरची व्यक्तीही तसाच भार घेऊन आलेली असते. चित्रपटाने हा भार काढून टाकला, म्हणून प्रेम सोपे झाले. पुस्तकात ते सोपे नाही.

कोणी विचारील, एका अँग्लिकन विधुराच्या वहीचा आमच्या मंडळीशी काय संबंध? संबंध जुना आहे. पुनर्विवाहाविषयी ख्रिस्ती मनात प्रथमपासून दोन प्रवाह आहेत. संत पौल करिंथकरांस लिहितात, की पती वारल्यावर स्त्री विवाह करण्यास मोकळी आहे, मात्र तो प्रभूमध्ये व्हावा. ती तशीच राहिली तर अधिक बरे, असेही ते म्हणतात. टर्टुलियनने आपल्या पत्नीला उद्देशून ग्रंथ लिहिला आणि आपल्यामागे तिने पुनर्विवाह करू नये, असे सुचवले. पुढे तर त्याने पुनर्विवाहाचा धिक्कारच केला. परंतु ख्रिस्तसभेने ती वाट धरली नाही. स्वतःला ‘शुद्ध’ म्हणविणाऱ्या पंथातून जे परत येतील, त्यांनी पुनर्विवाहितांशी सहभागित्व ठेवण्याचे लेखी मान्य करावे, अशी अट ३२५ सालच्या नायसिया परिषदेने घातली. अपत्यप्राप्तीचे वय उलटले म्हणून विवाह उणा ठरत नाही. वंध्यत्वाने विवाहास बाध येत नाही, हे १९८३च्या धर्मनियमसंहितेत स्पष्ट आहे आणि पतिपत्नींचे परस्परकल्याण हा विवाहाचा हेतू तेथे अपत्यहेतूच्या बरोबरीने सांगितला आहे. नियम उदार आहेत. मने त्यांच्या मागे आहेत, आणि त्यांत आमचे मनही होते.

काही वर्षांपूर्वी एका धर्मग्रामात असताना साठीला टेकलेले एक विधुर आणि पन्नाशी उलटलेल्या एक विधवाबाई आमच्या कार्यालयात आल्या होत्या. नावगाव सांगण्याचे कारण नाही. गृहस्थ म्हणाले, “फादर, मुलगी लग्न होऊन गेली, मुलगा-सून दिवसभर कामावर. वेळेवर घासभर मिळत नाही. एवढी सोय झाली म्हणजे पुरे.” आम्ही मान डोलावली. बाई खाली पाहत बसल्या होत्या. निघताना त्यांनी एवढेच विचारले, “फादर, मधल्या वारी सकाळी उरकता येईल का? म्हणजे गर्दी होणार नाही.” आम्हाला ते शहाणपणाचे वाटले. रविवारच्या मिस्सेत विवाहाची जाहीर सूचना वाचण्यातून सूट मिळवून दिली. दोन साक्षीदारांसमोर विधी झाला. दोघेही संध्याकाळच्या प्रार्थनेनंतर चर्चच्या पायरीवर बसून कितीतरी वेळ बोलत असत, हे आम्ही पाहिले होते. ते बोलणे काही घासभर जेवणाविषयी नव्हते, हे कळायला विद्वत्ता लागत नव्हती. तरीही ‘सोय’ हा शब्द आम्ही स्वीकारला, कारण तो आम्हालाही सोयीचा होता.

तीन वर्षांनी ते गृहस्थ वारले. अंत्यविधीला पहिल्या बाकावर मुलगा, सून, मुलगी बसली होती. बाई मागच्या एका बाकावर, शेजारणीबरोबर. कोणी त्यांना पुढे बोलावले नाही. वेदीवरून उतरल्यावर आम्हीही आधी मुलांचेच सांत्वन केले. मुलांना दोष देण्यात अर्थ नाही. ज्यांचा विवाह साऱ्या धर्मग्रामाने पाहिलाच नाही, तिचे वैधव्य धर्मग्राम कसे ओळखणार? लुईस म्हणतो तसा वियोग हा विवाहाचाच टप्पा असेल, तर त्या बाईंकडून विवाहाचा शेवटचा भाग हिरावून घेतला गेला आणि त्याची सुरुवात आमच्या कार्यालयातील त्या मान डोलावण्याने झाली होती. या उपवासकाळात वही मिटताना आम्हाला सर्वाधिक बोचले ते हेच.

साहित्याकडून आमची अपेक्षा मोठी नाही. उतारवयातील स्त्री-पुरुषांचे गोडवे लेखकांनी गावेत, असे नाही. हसू आणि कीव ही दोन सोपी साधने बाजूला ठेवून त्यांनी या माणसांकडे एकदा नीट पाहावे. मुलांची भीती, घर-वाडीच्या वाटणीचा प्रश्न, गेलेल्या जोडीदाराची भिंतीवरची तसबीर, हे सारे त्या चित्रात असू द्यावे. प्रेम मात्र ‘सोय’ या शब्दाआड दडवू नये. ‘अ ग्रीफ ऑब्झर्व्ड’ने हे आपल्या परीने केले आहे, म्हणून ते त्यातील उणिवांसह जवळचे वाटते.

आणि आमच्यापुरते सांगायचे, तर पुन्हा असे कोणी कार्यालयाच्या दाराशी आले, तर जाहीर सूचना तिन्ही रविवारी वाचली जाईल आणि विवाहासाठी मधला वार त्यांनी मागितलाच, तर रविवारची मोठी मिस्सा आम्ही त्यांना आग्रहाने सुचवू.